आठवड्यातले चार उपास

डॉक्टरताई, नमस्कार.

आम्ही ठाण्यात चरईत राहतो. घरात सासूबाई, मिस्टर, मी आणि मुलगी. ती यंदा दहावीला आहे. पाडव्याच्या शोभायात्रेला मैत्रिणींबरोबर नऊवारी नेसून गेली होती. तलावपाळीवर दहा-बाराजणींचा एकत्र फोटो काढला, तो कुणीतरी इन्स्टाग्रामवर टाकला. ही अगदी कडेला उभी होती. खाली वर्गातल्या एका मुलाने लिहिलं, ‘ढोलपथकाचा ढोल पण आलाय का?’ त्यावर बरेच जण हसले. त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल.

मग तिने मंगळवार धरला. मग गुरुवार, मग सोमवार, मग शनिवार. सासूबाई खूश. म्हणाल्या, पोरीला देवाची ओढ लागली. साबुदाण्याची खिचडी केली तर दोन चमचे खाते. बाकीच्या दिवशी ‘क्लासच्या आधी खाल्लं’. डबा रोज रिकामा येतो. परवा गोखले रोडवर तिच्या मैत्रिणीची आई भेटली, म्हणाली, ‘तुमच्या हातची भाजी आमच्या मुलीला फार आवडते हो.’ तेव्हा डबा कुठे जातो ते कळलं. जेवलीच तर लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. रात्री मोबाइलवर केक आणि बिर्याणीचे व्हिडिओ बघत बसते, रविवारी आम्हाला करून वाढते, स्वतः चाखतसुद्धा नाही. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणायची. एप्रिलपासून पाळी नाही. शेजारच्या बाई म्हणतात पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा विकार, असेल, वजन उतरलं की पाळी येईल. मागच्या आठवड्यात टीएमटी बसच्या रांगेत तिला चक्कर आली. मिस्टर म्हणतात, मोबाइल काढून घे, सगळं सरळ होईल. डॉक्टरकडे नेते म्हटलं तर सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा गोष्टीला पोरीला ठाण्याला दाखवणार का?’ मी काय करू, तिला बोलू काय?

– एक आई, ठाणे

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तुम्ही मुलीला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलंत हे कळलं, फार बरं वाटलं. बाकीचं सविस्तर इथे लिहिते, तुमच्यासाठी आणि अशाच दुसऱ्या घरांसाठी. पत्रात तुम्ही तिचं आधीचं आणि आताचं वजन लिहिलं होतं. ते आकडे मी काढून टाकले आहेत. हे पान मुलीही वाचतात, आणि या आजारात दुसरीच्या वजनाचा आकडा वाचला की त्याच्याशी शर्यत सुरू होते.

हा खाण्याचा आजार आहे, डॉक्टर त्याला ‘अ‍ॅनोरेक्सिया’ म्हणतात. थेर नाही, नखरा नाही, भक्तीही नाही. पाळी थांबणं, उन्हाळ्यात थंडी वाजणं, उभं राहिल्यावर चक्कर येणं, ही पोटात अन्न न गेल्यामुळे शरीराने केलेली काटकसर आहे. पैसे संपत आले की घर आधी सणवार बंद करतं, मग दूध कमी करतं. शरीर तसंच करतं. मेंदू पाळीचे संप्रेरक थांबवतो, हातापायांची ऊब काढून घेतो, नाडी मंद करतो. याच वयात हाडांमध्ये आयुष्यभराचा साठा जमत असतो, तो जमायचा थांबतो. म्हणून डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब झोपवून आणि उभं करून, दोन्ही तऱ्हेने मोजले का, हृदयाचा आलेख (ईसीजी) काढला का, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट बघितलं का, हे विचारा. जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, पुन्हा चक्कर आली किंवा छातीत धडधडलं तर घरी थांबायचं नाही, दवाखान्यात दाखल करायचं. बाथरूमच्या नळाबद्दल तुम्ही लिहिलंत, तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सारख्या उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचा ताल बिघडतो. आणखी एक सांगते. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजारात रिपोर्ट बरेच दिवस चांगले येत राहतात.

पीसीओडीचं. ताई, शेजारच्या बाईंवर मी रागावू शकत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आली होती. अंगाने जरा भरलेली, पाळी अनियमित. मी म्हटलं, थोडं वजन कमी कर. चार महिन्यांनी ती आली, काट्यावर उभी राहिली, आणि आकडा बघून मी ‘शाब्बास’ म्हटलं. नर्सला हाक मारून दाखवलं. कसं कमी केलंस, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. तीन आठवड्यांनी ती दवाखान्यात दाखल झाली, हृदयाचा ताल चुकला होता. ती बरी झाली, पण त्याला दोन वर्षं लागली. नंतर तिनेच मला सांगितलं, ‘मॅडम, तुम्ही शाब्बास म्हणालात ना, म्हणून मी आणखी कमी खायला लागले.’ तेव्हापासून वजन उतरलेलं कुठलंही मूल समोर आलं की मी आधी विचारते, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंस. तुमच्या मुलीला कुणीही, अगदी डॉक्टरनेही, ‘वजन उतरव म्हणजे पाळी येईल’ म्हटलं तर तिथेच थांबवा आणि म्हणा, आधी ही खात नाही, ते बघा.

आता उपास. आपल्याकडे मुलगी जेवली नाही तर घर हलतं, पण उपास म्हटला की सगळे गप्प बसतात, वर कौतुकही करतात. मुलींना हे बरोबर कळतं. ‘मला भूक नाही’ म्हटलं तर दहा प्रश्न येतात, ‘माझा सोमवार आहे’ म्हटलं तर एकही येत नाही. देवाची ओढ लागलेली मुलगी देवळात जाते, आरतीला उभी राहते, उपास सोडताना आनंदाने जेवते. तुमची मुलगी कौपीनेश्वराला गेल्याचं पत्रात कुठेही नाही. उपास सोडतानाचं ताटही नाही. आठवड्यातले चार दिवस तिने फक्त न जेवण्याची परवानगी मिळवली आहे.

ही परवानगी काढून घेणं तुमच्यापेक्षा तुमच्या सासूबाईंना जास्त सोपं जाईल. श्रावण तोंडावर आहे, म्हणजे सोमवार आणि शनिवारांना आणखी जोर चढणार. आजारी माणसाला आणि वाढत्या लेकराला उपास नसतो, हे आपल्या आज्याच सांगत आल्या आहेत. सासूबाईंना हे पान वाचून दाखवा. त्यांना माझी विनंती आहे: आजी, तुम्ही तिला जवळ बसवा आणि म्हणा, ‘यंदाचे तुझे सगळे वार माझ्याकडे. तू जेवायचंस, नेम मी पाळते.’ तुमच्या तब्येतीला झेपत नसेल तर उपासाऐवजी स्तोत्र म्हणा. देवाचं देणं आपल्या दोघींत फिटलं, असं तिला वाटलं पाहिजे. तुमच्या शब्दाला त्या घरात जे वजन आहे ते माझ्या कागदाला नाही.

तुम्ही विचारलंत, तिला बोलू काय. ताई, आधी खायला घाला. कारण नंतर शोधू. उलट वाटेल, आई म्हणून तुम्हाला आधी तिच्या मनातलं काढून घ्यावंसं वाटणार. पण उपाशी डोकं नीट बोलूच शकत नाही. १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. हे तरुण युद्धात लढायला नकार देऊन या कामासाठी स्वतःहून आलेले होते. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते शिकण्यासाठी तो प्रयोग होता. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. ताटातल्या घासाशी तासभर खेळत राहत. त्यांना थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, माणसं नकोशी व्हायची. त्यांना कुणी फोटोवरून चिडवलं नव्हतं, त्यांच्या हातात मोबाइल नव्हता. केवळ पोट रिकामं ठेवल्याने भली माणसं अशी झाली. तुमची मुलगी मध्यरात्री बिर्याणीचे व्हिडिओ का बघते, याचं उत्तर तिथे आहे. ती खोटारडी झालेली नाही, तिला भूक लागली आहे.

म्हणून पुढचे काही महिने तिने काय खायचं, किती खायचं, हे तुम्ही आणि तिचे बाबा ठरवाल. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात हीच रीत पुढे आली. मुलीच्या जेवणाची सूत्रं काही काळ आईबापांच्या हाती द्यायची आणि ती सावरेल तशी परत करायची. ज्या मुलींचा आजार फार जुना नाही त्यांच्यासाठी ती आज जगभर वापरतात. दिवसाला तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं. घरचंच. वरणभात, तूप, पोळी, भाजी, दही, शेंगदाण्याचा लाडू. वेगळं ‘डाएट’ नको. पण सुरुवात डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवत करा. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरून जीव धोक्यात येऊ शकतो. युद्धातल्या छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं.

ताट तुम्ही वाढा, तिने नाही. शेजारी बसा, स्वतःही जेवा. ती रडेल, ‘मला मारून टाकायचंय का’ म्हणेल, ताट सरकवेल. तेव्हा खाण्याच्या फायद्यांवर भाषण नको. ‘खा ना गं, माझ्यासाठी’ही नको, त्याने तिच्यावर ओझं वाढतं. सपाट आवाजात म्हणा, ‘हे खूप कठीण जातंय, दिसतंय मला. मी इथेच बसलेय. पुढचा घास घे.’ तेच वाक्य वीस वेळा म्हणावं लागेल. जेवणानंतर तासभर तिने तुमच्याजवळ बसायचं. पत्ते खेळा, गणितं सोडवा, तलावपाळीला बसायला जा. चालायला नको, फेऱ्या तर नकोच. बाथरूम त्या तासात नाही. दुपारचा डबा काही आठवडे तुम्ही किंवा बाबांनी शाळेत जाऊन भरवता आला तर बघा. वर्गशिक्षिकेला विश्वासात घेतलं तर शाळा एखादी खोली देईल. बाबांची सुट्टी इथे खर्च होऊ दे, दहावीच्या परीक्षेसाठी राखून ठेवू नका. पोट भरलं नाही तर तो अभ्यासही डोक्यात राहत नाही.

बाबांना वाटतंय की मोबाइल काढून घेतला की झालं. त्यांची काळजी खोटी नाही. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीतले जे अंतर्गत कागद बाहेर आले, त्यांत त्यांच्याच संशोधकांनी लिहून ठेवलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या मनात शरीराबद्दलचा सल इन्स्टाग्राम वाढवतं. पण मोबाइल हिसकावला की तिची मैत्रिणींची वाट तुटते आणि आजाराबरोबर ती एकटी उरते. त्याऐवजी घरातले सगळे मोबाइल, बाबांचासुद्धा, रात्री दहाला हॉलमध्ये चार्जिंगला. आणि एक दुपार दोघींनी बसून तिच्या इन्स्टाग्रामवर येणारे ‘बारीक व्हा’चे व्हिडिओ ‘नको’ म्हणून खुणा करत जा. तिने जे पाच सेकंद जास्त पाहिलं, तेच तिला पुन्हा दाखवलं जातं. तिचं बोट बदललं की समोरचं चित्रही बऱ्यापैकी बदलतं.

त्या फोटोबद्दलही मला बोलायचं आहे. दहा-बाराजणी एका चौकटीत बसवायच्या म्हणजे फोनची रुंद लेन्स लावली असणार. ही लेन्स कडेला उभ्या माणसाला आडवं ताणते, मधल्याला नाही. मुलीला उभं करून हे दाखवू नका, तिच्या शरीराची मोजणी आता पुरे. तिचा स्टीलचा गोल डबा ओट्यावर ठेवा, रुंद लेन्सने जवळून एकदा मध्ये धरून फोटो घ्या, एकदा अगदी कडेला. कडेचा डबा जास्त रुंद दिसेल. डबा तोच. सेल्फीचंही असंच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवलं की चेहऱ्यापासून बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हे कळल्याने आजार जाणार नाही, याची मला कल्पना आहे. तरी त्या संध्याकाळी तिने जे पाहिलं ते ती नव्हती, हे तिला तिच्या आईकडून कळायला हवं.

त्या मुलाची गोष्ट शाळेत सांगा. शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, ती ओळ अजून तिथे असेल तर निघावी म्हणून. पण ती ओळ ज्या मातीत रुजली ती आपली आहे. फिजी बेटांवर भरलेलं अंग म्हणजे चांगलं घर अशी समजूत होती, आपल्या ‘खात्यापित्या घरची’सारखीच. १९९५ मध्ये तिथल्या नद्रोगा भागात टीव्ही आला. त्या वेळी पाहणी केलेल्या शाळकरी मुलींत वजनासाठी उलट्या काढणारी एकही नव्हती. १९९८ ला शंभरात अकरा होत्या. आपल्याकडे दोन्ही जिभा एकाच घरात नांदतात. बारीक मुलीला ‘घरी जेवायला देत नाहीत का’, भरलेल्या मुलीला ‘ढमी’, आणि लग्नाच्या हॉलमध्ये दारातच ‘अगो, किती बारीक झालीस, छान दिसतेस’. आजाराला हे वाक्य खतपाणी घालतं. तुमच्या घरी येणाऱ्या मावशी, आत्या, काकूंना आधीच फोन करून सांगा, तिच्या शरीराबद्दल चांगलंही बोलायचं नाही. ‘तब्येत सुधारली’ तर अजिबात नाही. तिला ते ‘जाड झालीस’ असंच ऐकू येईल.

आणि ‘ठाण्याला दाखवणं’. बऱ्याच ठिकाणी हे वाक्य शिवीसारखं वापरतात आणि आपण तर ठाण्यातच राहतो. मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे, मी तिथे शिकाऊ असताना काम केलं आहे. तिथे माझ्यासारखीच माणसं आजारी माणसांवर उपचार करतात. तुमच्या मुलीला बहुधा तिथे जायची गरज पडणार नाही. तिला बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि खाण्याच्या आजारांवर काम केलेल्या समुपदेशक, असे तिघं एकमेकांशी बोलणारे हवेत. खासगी परवडत नसेल तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयात बालरोग आणि मनोविकार दोन्ही विभाग आहेत. रात्री-अपरात्री तुमचा धीर सुटला तर १४४१६ या टेलीमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जगणंच नको असं ती कधी म्हणाली तर तिला एक क्षणही एकटी ठेवू नका आणि थेट रुग्णालयात न्या.

बरं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही. मधे एखादा आठवडा सगळं उलट फिरेल. तेव्हा मला लिहा.

डॉक्टर मॅडम,

मी ऐरोलीला राहतो, अकरावीत आहे, सोळा वर्षांचा. जिमला जातो. रोज आरशात फोटो काढतो आणि महिन्यापूर्वीच्या फोटोशी ताडून बघतो. खांदे वाढतच नाहीत. घरी भात-पोळी सोडली आहे, फक्त उकडलेली अंडी, चिकन आणि पावडर. ट्रेनर म्हणतो, एक इंजेक्शनचा कोर्स केला की दिवाळीपर्यंत फरक दिसेल. सगळेच घेतात म्हणतो. घरी माहीत नाही. घेऊ का?

– एक वाचक, नवी मुंबई

मित्रा,

नको घेऊस. विचारलंस हे फार चांगलं केलंस.

अशा ‘कोर्स’मध्ये बहुतेक वेळा पुरुषी संप्रेरकं असतात. बाहेरून ती आली की तुझ्या शरीराचा स्वतःचा कारखाना बंद पडतो आणि वृषणं आक्रसू शकतात. सोळाव्या वर्षी आणखी एक नुकसान आहे: हाडांच्या टोकांशी वाढीची जी जागा असते ती अवेळी बुजते आणि उंची तिथेच थांबते. तुझे खांदे अजून वाढायचे आहेत. मुलांची छाती आणि खांदे सतरा-अठरापर्यंत, काहींचे त्याहीनंतर भरत राहतात. महिन्याच्या दोन फोटोंत ते दिसत नाही, कारण हाड महिन्याच्या हिशेबाने वाढत नाही.

भात-पोळी परत सुरू कर. स्नायूला काम करायला तेच इंधन लागतं. ते नसेल तर तू खातोस त्या अंड्या-चिकनातलं प्रथिनही शरीर जाळण्यात घालवतं. पावडर आठवडाभर बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना दाखव. काही डब्यांत लेबलवर लिहिलेलं नसतं तेही निघतं.

आणि मला एका गोष्टीची काळजी वाटते, ती इंजेक्शनपेक्षा थोडी वेगळी आहे. रोजचा तो आरसा. एखाद्या दिवशी फोटो काढला नाही तर बेचैन होतोस का? मित्रांबरोबर वडापाव खायला जाणं टाळतोस का? तसं असेल तर वर ज्या मुलीबद्दल लिहिलंय, तिचा आणि तुझा आजार सख्खी भावंडं आहेत. मुलांमध्ये तो ओळखला जात नाही, कारण खाणं सोडलेल्या मुलाला लोक ‘फिटनेसवाला’ म्हणतात. टेलीमानसचा क्रमांक तुझ्यासाठीही आहे, मुलामुलींसाठीचा १०९८ सुद्धा.

ट्रेनर सगळेच घेतात म्हणतो ना, त्याला विचार, इंजेक्शनची चिठ्ठी कुठल्या डॉक्टरने दिली. आई-बाबांना हे तू स्वतः सांगावंस. जड जात असेल तर ज्यांच्याशी बोलता येतं अशा काकांना किंवा शिक्षकांना आधी सांग आणि त्यांना बरोबर घेऊन घरी बस. पावडरच्या डब्यावरचं लेबल आणि त्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून घे, आणि तपासणीला जाशील तेव्हा तो कागद बरोबर ने.